ओमानचं पाणी, पोयनाडची पोपटी

तुमची गाडी जिथे जायला नको होती तिथे गेली आणि तिथेच बसली, की तिला परत आणायचं, हा माझा धंदा. इकडे त्याला नुसतं 'रिकव्हरी' म्हणतात. ट्रकची लोखंडी पाठ कलती करून जमिनीला टेकवायची, ट्रकवरच्या विंचची, म्हणजे मोटारीवर चालणाऱ्या रहाटाची, वायर बंद गाडीला अडकवायची, बटण दाबायचं. गाडी मुकाट्याने वर येते. साखळ्या बांधायच्या आणि गॅरेजचा रस्ता धरायचा. एवढ्याशा कामात अख्खी उमर कशी गेली, असं लोक विचारतात. गाड्या बंद पडत राहिल्या, असं मी सांगतो.

या अंकासाठी संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "दुबईतले तुमचे अनुभव लिहा." मी म्हटलं, मी राहतो शारजाला, अल नहदात, आणि काम करतो डोंगरात. त्या म्हणाल्या, "तिकडे डोंगर आहेत?" सुट्टीवर मुरूडला गेलो की दर वेळी मला हाच प्रश्न येतो. लोकांनी दुबईचे टॉवर टीव्हीवर पाहिलेले असतात, वाळूतले उंट पाहिलेले असतात. मागे डोंगर उभे आहेत हे कोणी दाखवलेलं नसतं.

तर आहेत. हजर पर्वत म्हणतात त्यांना. होर्मुझच्या सामुद्रधुनीत घुसलेल्या मुसंदमच्या टोकापासून सुरू होतात ते खाली मस्कतच्याही पलीकडे जातात. त्यातला बराचसा ओमानचा आणि मधला एक तुकडा अमिरातीचा. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ते आधी डोंगर वाटतच नाहीत. झाड नाही, गवत नाही, मातीसुद्धा नाही, नुसता तपकिरी दगड. कोणीतरी मोठं खोदकाम काढलं आणि ढीग उचलायचे विसरून गेला, असं पहिल्या दिवशी मला वाटलं होतं. माझं ते मत अजून फारसं बदललेलं नाही, पण आता कोणी दुसऱ्याने तसं म्हटलं तर मला राग येतो.

या डोंगरांतून दोन देशांची सरहद्द जाते आणि माझ्या धंद्यातली निम्मी डोकेदुखी तिथूनच येते. शहाण्या माणसाने रेघ ओढली असती तर डोंगराचा कणा धरून ओढली असती, पाणी इकडे वाहिलं तर आमचं, तिकडे वाहिलं तर तुमचं. इथे तसं झालं नाही. असं म्हणतात की ज्या वेळी रेघ ओढायची होती त्या वेळी गावोगाव जाऊन विचारलं, तुमचा शेख कोण? गावाने जे नाव सांगितलं त्या बाजूला गाव गेलं. पाणी कुठून कुठे वाहतं हे कोणी विचारलं नाही. त्यामुळे अमिरातीच्या पोटात मदहा नावाचा ओमानचा तुकडा आहे आणि त्या तुकड्याच्या पोटात नहवा नावाचं शारजाचं गाव आहे. मध्ये चौकी नाही, फाटक नाही. रस्त्याकडेचे झेंडे बदलतात आणि मोबाईल तुमचं दुसऱ्या देशात स्वागत करतो.

एकदा पुण्याच्या एका गृहस्थांची गाडी तिथे बंद पडली. आमच्या ऑफिसात फोन घेणारी जॉय नावाची फिलिपिनो मुलगी आहे. तिने विचारलं, सर, तुम्ही कुठल्या देशात आहात? कारण विमा अमिरातीचा, ओमानमध्ये तो चालत नाही. ते म्हणाले, "मोबाईल म्हणतोय ओमान, समोरची पाटी म्हणतेय शारजा आणि बायको म्हणतेय सांगितलं होतं तुम्हाला." जॉयने फोन मला जोडून दिला. मी विचारलं, पाटी किती लांब आहे? म्हणाले, हाक मारली तर ऐकू जाईल. रस्ता उताराचा आहे का? आहे. मग म्हटलं, गिअर न्यूट्रलला टाका, ब्रेकवर पाय ठेवा आणि पाटीच्या पलीकडे जाऊन उभे राहा, मी येतो. मी पोचलो तेव्हा गाडी शारजात होती आणि गृहस्थ घाम पुसत होते. त्यांची एकच काळजी होती. चहाची टपरी शोधत ते सरहद्द इकडून तिकडे ओलांडत राहिले होते, तर त्यांचा व्हिसा रद्द तर होणार नाही ना? मी म्हटलं, टपरी सापडली का? नाही म्हणाले. मग रद्द होणार नाही म्हटलं.

पण प्रत्येक ठिकाणी असा उतार मिळत नाही. मुसंदमच्या बाजूला खरी चौकी आहे, शिक्के आहेत, आणि माझा ट्रक तिकडे जाऊ शकत नाही. तिकडे आपली कोणाची गाडी बंद पडली की ती चौकीपर्यंत आणायला खमीस लागतो. खमीस तिकडचा, ओमानी, वर डोंगरातल्या गावात राहतो. त्याच्याकडे माझ्यासारखाच ट्रक आहे, माझ्यापेक्षा जुना. तो गाडी चौकीच्या आवारात आणतो, मी आपल्या बाजूने उलटा ट्रक घेऊन जातो, दोन्ही ट्रक पाठीला पाठ लावून उभे करतो आणि गाडी त्याच्या पाठीवरून माझ्या पाठीवर येते. कस्टमवाले मध्ये उभे राहून बघतात. त्यांनाही दुसरं काही करमणुकीचं साधन नसतं. त्याच्या गावी मी कधी गेलेलो नाही, माझं घर त्याने पाहिलेलं नाही. पण फोनवर आमचं जेवढं बोलणं झालं आहे तेवढं माझं माझ्या सख्ख्या भावाशी झालेलं नाही. तो हिंदी बोलतो, मी अरबी बोलतो, आणि दोघांचंही वाईट आहे.

खमीसचा आणखी एक उपयोग होता, तो समजायला थोडा भूगोल लागतो. वादी म्हणजे नदीचं कोरडं पात्र. डोंगराच्या दोन भिंतींमध्ये खडीचा रुंद पट्टा, वर्षातून बहुतेक दिवस खडखडीत. शहरातल्या लोकांना सहलीला ती जागा फार आवडते कारण गाडी थेट आत जाते आणि सावली मिळते. पण वर डोंगर उघडा दगडाचा. त्यावर पाऊस पडला की दगड थेंबभर पीत नाही, सगळं पाणी घरंगळत एकाच पात्रात येतं. आणि रास अल खैमाच्या मागे वरचा डोंगर ओमानचा, खालची वादी आपली. पाऊस त्यांच्याकडे पडतो, पूर आपल्याकडे येतो. खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर तेव्हा स्वच्छ ऊन असतं.

तिकडचे लोक पूर आला म्हणत नाहीत. वादी उतरली म्हणतात. माझं नाव इब्राहिम, खमीसच्या तोंडी ते ब्राहिम होतं. तो वरून फोन करायचा, "ब्राहिम, वादी नाझिल," म्हणजे वादी उतरते आहे, तुझं कोणी खाली असेल तर बघ. बऱ्याचदा ते पाणी आमच्यापर्यंत पोचायचंच नाही. वाटेत खडीत मुरायचं, एखाद्या बंधाऱ्यात अडायचं. आता सांगणार आहे त्या दिवसाआधी दोन वेळा तर मी ट्रक घेऊन वादीच्या तोंडाशी जाऊन बसलो आणि एक बेडूकसुद्धा आला नाही. मी त्याला फोन करून म्हटलं, हबीबी, तुझी वादी पंक्चर झाली वाटतं. तो हसला नाही.

जेव्हा पाणी पोचतं तेव्हा काय होतं तेही मी पाहिलं आहे. एका बंधाऱ्याच्या गाळातून मी एक पांढरी गाडी ओढून काढली होती. माणसं आदल्या दिवशीच सापडली होती, माझं काम फक्त गाडीचं होतं. मागच्या सीटवर शाळेची पाण्याची बाटली होती, झाकण घट्ट लावलेलं, आत स्वच्छ पाणी. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तर तिला सांगितलं, उन्हाने असेल. आजही या धंद्याबद्दल कोणी फार कौतुकाने बोललं तर मी विषय बदलतो.

आता त्या रविवारची गोष्ट. थंडीचे दिवस होते. जॉयने सांगितलं, एक प्राडो गाडी वादीत खडीत रुतली आहे, कस्टमर इंडियन, फार घाई नाही म्हणतो. घाई नसलेला कस्टमर या धंद्यात क्वचित मिळतो, म्हणून मी जरा संशयानेच गेलो. वादीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या थंडीत तुमच्यापैकी कोणीतरी तिथे जाऊन बसेल.

वळण घेतलं आणि खिडकीतून वास आला. भांबुर्ड्याचा. रायगडच्या माणसाला या वासाबद्दल सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगा आल्या की पोपटी लावतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर शेंगा, ओवा, जाडं मीठ, बटाटे, अंडी, कोंबडी, परत शेंगा, आणि तोंडाशी पाला ठासून भरायचा. मग मडकं पालथं घालून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. शेंगा पाल्याच्या वाफेत शिजतात. मडक्यावर पाणी शिंपडून चर्र झालं की पोपटी झाली समजायचं. तो पाला शेताच्या बांधावर फुकट उगवतो आणि जगात दुसरीकडे कुठे मिळत असेल असं मला वाटत नव्हतं. हजर पर्वतात तर नक्कीच नाही.

वादीच्या मधोमध चार गाड्या, चार कुटुंबं, चटया, पोरांचा फुटबॉल. प्राडो बाजूला पोटापर्यंत खडीत. आणि मध्ये एका लोखंडी पत्र्यावर पालथं मडकं आणि त्याभोवती खजुराच्या झावळ्यांचा जाळ. जाळाजवळ घडीच्या खुर्चीत एक म्हाताऱ्या बाई, हातात छत्री, डोळे मडक्यावर.

एक तरुण गृहस्थ पुढे आले. निलेश म्हात्रे. दुबईत सिलिकॉन ओएसिसला ऑफिस आणि घरही तिथेच. मी मराठी आणि तेही रायगडचा म्हटल्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांनी धरला.

"भाई, तुम्ही रायगडचे? मग आधी बसा. गाडी कुठे पळून जातेय? आईने पाला आणलाय पोयनाडहून. बॅगेत, साड्यांच्या मधोमध. सगळ्या साड्यांना वास लागलाय."

"कस्टमने काही म्हटलं नाही?"

"त्याने विचारलं हे काय. आई म्हणाली, औषध. खोटं नाही ना ते."

पत्रा कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, "वाळू काळी करायची नाही, राख मागे ठेवायची नाही. आपण पाहुणे आहोत इथे." चांगला माणूस. मडकं मसाफीच्या बाजारातलं होतं, शेंगा बर दुबईच्या दुकानातल्या.

आजींनी मला खालून वर न्याहाळलं. "कुठले?"

"मुरूडचा."

"मुरूडवाले ओवा कमी टाकतात."

"आमच्या घरी कमी टाकतात, आजी. बाकीच्यांचं माहीत नाही."

"तेच म्हणते मी," त्या म्हणाल्या आणि परत मडक्याकडे पाहू लागल्या.

मी ट्रक फिरवून प्राडोला वायर लावायची तयारी करत होतो तेवढ्यात खमीसचा फोन आला.

"ब्राहिम, इधर मतर. वाजिद मतर. वादी नाझिल."

मतर म्हणजे पाऊस, वाजिद म्हणजे खूप. मी वर पाहिलं. आकाश धुतलेल्या थाळीसारखं लख्ख.

"कौनसी वादी?"

त्याने नाव सांगितलं. मी ज्या वादीत उभा होतो तीच.

"पक्का आएगा नीचे?"

"अल्लाह आलम," तो म्हणाला. म्हणजे ते देवालाच ठाऊक. पुढे म्हणाला, "तू निकाल सबको."

मी निलेशना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी मोबाईल काढला, हवामान पाहिलं आणि मला दाखवलं. नुसता सूर्य. ते काही हट्टी गृहस्थ नव्हते. त्यांनी विचारलेले प्रश्न मीही विचारले असते. किती वेळात येईल? सांगता येत नाही. नक्की येईल? नाही, बऱ्याच वेळा येत नाही. गेल्या वेळी आलं होतं? नाही. त्याच्या आधी? नाही.

"भाई, मग असं करू," ते म्हणाले. "तुम्ही प्राडो काढा, तोवर पोपटी होते, मग आरामात निघू. यल्ला, चला."

"प्राडो राहू दे. माणसं आधी वर न्या. त्या कडेवर, बाभळीसारखं झाड आहे ना, तिथे."

ते आईकडे गेले. आजी म्हणाल्या, "पोपटी लावली त्याने ती सोडून जायचं नसतं. उतरल्याशिवाय उठायची नाही मी. आणि अर्धी उघडायचीसुद्धा नाही. तुम्ही व्हा पुढे."

आता इथे आपल्या लोकांचा एक स्वभाव सांगितला पाहिजे. आई उठत नाही म्हणून मुलगा उठत नाही. मुलगा यजमान, तो उठत नाही म्हणून पाहुणे उठत नाहीत. पाहुण्यांच्या बायकांनी गोळा केलेल्या चटया परत पसरल्या, कारण आपण आधी निघालो तर बरं दिसत नाही. एकीने मला पेपर प्लेट दिली आणि म्हणाली, "काका, तुम्ही पण थांबा ना जेवायला." सगळी भली माणसं. एकमेकांना वाईट वाटू नये म्हणून चार कुटुंबं नदीच्या पात्रात बसून राहिली होती.

मी घाबरलो होतो. ते इथे स्पष्ट लिहितो, कारण नंतर या गोष्टीत मला शूर करून टाकण्यात आलं. फुटबॉल खेळणाऱ्या पोरांकडे पाहिलं की मला ती बाटली दिसत होती. आणि त्याच वेळी असंही वाटत होतं की पाणी आलं नाही तर ही माणसं घरी जाऊन माझी नक्कल करतील. दोन्ही एकदम वाटत होतं.

माझा ट्रक एका वेळी एकच वस्तू ओढतो. मी ट्रक फिरवला, पाठ कलती करून जमिनीला टेकवली, पण प्राडोसमोर नाही. फावड्याने जळत्या झावळ्या बाजूला फेकल्या, नुसते निखारे ठेवले, आणि वायरचा आकडा पत्र्याच्या कडेच्या भोकात अडकवला.

"भाई! ओ भाई, काय करताय?" निलेश धावत आले.

"रिकव्हरी," मी म्हटलं आणि बटण दाबलं.

पत्रा हलला. मडकं, निखारे, राख, सगळं जसंच्या तसं खरखरत निघालं. हरवलेल्या, बुडालेल्या, उलटलेल्या गाड्या मी चढवल्या आहेत, पेटलेलं जेवण पहिल्यांदा चढवत होतो. आमच्या सेफ्टीच्या ट्रेनिंगमध्ये याबद्दल काही नाही. चारी बाजूंनी आरडाओरडा सुरू झाला. कोणीतरी हिंदीत पोलिसांचं नाव काढलं. एक छोटी मुलगी जोरात ओरडली, "मम्मा, द फूड इज लीव्हिंग!"

आजी उठल्या. छत्री मिटली. मला वाटलं आता ती पाठीत बसते.

"हळू घे," त्या म्हणाल्या. "कललं तर शेंगा एका अंगाने करपतील."

"हळूच घेतोय, आजी."

"दार उघड. ती जाईल तिथे मी जाणार."

सुनेने आणि एका पाहुणीने खालून आधार दिला आणि आजी माझ्या शेजारच्या सीटवर बसल्या, मान वळवून मागच्या काचेतून मडक्यावर नजर ठेवून. मी ट्रक काढला. आई निघाली म्हणून मुलगा निघाला. यजमान निघाला म्हणून पाहुणे निघाले. चटया, पोरं, फुटबॉल, तीन गाड्या, सगळी वरात पोपटीच्या मागून वादीच्या कडेवर चढली. प्राडो मागे राहिली. निलेशनी एकदा तिच्याकडे वळून पाहिलं, मग आपल्या मुलीला कडेवर घेऊन ते चालू लागले.

वर पोचलो आणि काही झालं नाही. ऊन होतं. पक्षी होते. लोक माझ्याकडे पाहत होते आणि मी टायर तपासत होतो. टायरना काही झालेलं नव्हतं. एका गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. निलेश म्हणाले, "भाई, आता प्राडो काढायची का?" मी म्हटलं, अजून थोडं. त्यांनी तोंडावर काही दाखवलं नाही, त्याबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे.

मग आवाज आला. खडीचा डंपर रिकामा करताना होतो तसा, फक्त तो थांबेना. वळणावरून आधी एक बुटकी तपकिरी भिंत दिसली, पाणी नाहीच, काटक्या, चिखल आणि फेस. तिच्यामागून पाणी. आम्ही जिथे ओव्याची चर्चा करत होतो तिथून ते डोक्याएवढ्या उंचीने गेलं. त्यात खजुराचं खोड होतं, निळी टाकी होती, कोणाचीतरी प्लॅस्टिकची खुर्ची होती, सगळं ओमानचं, एकाच्याही पासपोर्टवर शिक्का नाही. प्राडो आधी जरा सरकली, मग वळली आणि मग निघून गेली.

निलेशच्या मांडीवर मुलगी होती, त्यांनी तिचं डोकं छातीशी इतकं दाबून धरलं होतं की ती "डॅडी, आय कान्ट सी" म्हणत होती. तेवढ्यात जॉयचा फोन आला.

"इब्राहिम, व्हेइकल लोडेड?"

"व्हेइकल नाही, फूड लोडेड."

"व्हॉट?"

"जॉय, नंतर सांगतो," मी मराठीतच म्हटलं. तिला कळलं असावं, तिने फोन ठेवला.

आजी गाडीतून उतरल्या, कोणाचाही हात न धरता. पाण्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मग नातीच्या बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन मडक्यावर शिंपडलं. चर्र झालं. "आता झाली," त्या म्हणाल्या. मडकं उतरवलं, पाला काढला, वाफ आली. ट्रकच्या पाठीवरच सगळ्यांना वाढलं. शेंगा एका अंगाने थोड्या करपल्या होत्या. आजींनी माझ्याकडे पाहिलं आणि करपलेल्या शेंगा माझ्या प्लेटमध्ये टाकल्या.

जेवता जेवता त्यांनी विचारलं, "तुला फोन कोणी केला?"

मी खमीसबद्दल सांगितलं.

"तो आपल्यातला?"

"ओमानी आहे. वर राहतो, पाऊस पडला तिकडे."

"त्याचा वाटा काढ," त्या सुनेला म्हणाल्या. शेंगा, दोन अंडी, बटाटा, कोंबडीची तंगडी, सगळं केळीच्या पानात बांधून डब्यात घातलं आणि डबा माझ्या हातात दिला. "हातात दे त्याच्या. कोणाबरोबर पाठवू नको."

दुसऱ्या दिवशी मी रिकामा ट्रक घेऊन चौकीवर गेलो. खमीसही आला. सवयीने दोघांनी ट्रक पाठीला पाठ लावून उभे केले. कस्टमवाल्याने गाडी कुठे आहे म्हणून विचारलं, मी डबा दाखवला. त्याने झाकण उघडून वास घेतला, अजून एकदा घेतला आणि जाऊ दिलं.

मी खमीसला सगळं सांगितलं. चार कुटुंबं, पोरं, आजी. तो ट्रकच्या कडेला बसून एक शेंग हातात फिरवत राहिला.

"ब्राहिम," तो शेवटी म्हणाला, "मैं फोन नहीं करने वाला था."

मी त्याच्या शेजारी ट्रकच्या कडेला बसलो.

"दो बार किया, पानी नहीं आया, तू हँसा. मैंने बोला, खलास, अब नहीं करूँगा. मेरी माँ बैठी थी खिड़की में. बोली, फोन कर. मैंने बोला, नीचे ऊन है, वो हँसेगा. बोली, हँसने दे. नीचे लोग होते हैं."

त्याने सगळंच हिंदीत सांगितलं. त्यातलं 'ऊन' माझ्याकडून शिकलेलं.

मी विचारलं, आई कधी खाली आली आहे का, इकडे? नाही म्हणाला. तिने खालची वादी कधी पाहिलेली नाही, खाली कोण राहतं, कोण येतं, तिला काही ठाऊक नाही. पाऊस पडला की ती खिडकीत बसते आणि पाणी कुठल्या बाजूला जातंय ते बघते. मी त्याचा हात धरला आणि धरूनच ठेवला. कस्टमवाला दुसरीकडे बघू लागला.

खमीसने हातातली शेंग परत डब्यात ठेवली, डबा बंद केला आणि म्हणाला, ये माँ का है.

रात्री त्याचा व्हॉइस मेसेज आला. माँला शेंगा फार आवडल्या. अंडी तिने ठेवून दिली, सकाळी खाईल. पण तिचं म्हणणं आहे की मीठ कमी होतं आणि बनवणारीला ते सांगावं.

पोयनाडच्या आजी व्हिसा संपल्यावर परत गेल्या. जाण्याआधी त्यांनी निलेशच्या फोनवरून मला विचारलं, "त्या माणसाला आवडली का रे पोपटी?"

मी म्हटलं, त्याच्या आईने खाल्ली, आजी. त्याला फोन करायला तिनेच लावलं होतं.

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मला वाटलं लाइन गेली.

"मग?" आजी म्हणाल्या. "काय म्हणाली ती?"

"फार आवडली म्हणाली," मी सांगितलं. मिठाचं मी अजून बोललेलो नाही.